बेल्ट, काकवी आणि महांतेश

८ जुलै २००२, सोमवार. दुपारी १२.
पेढीवरची जुनी डायरी आजपासून वापरात काढली. आतल्या तारखा १९९८च्या आहेत, त्या खोडून नव्या घालतो. कागद जाड आहे, वाया का घालवा. आणि आता लिहून ठेवल्याशिवाय इलाज नाही.
वॉशिंग मशीनवाला महांतेश आज परत येऊन गेला. या वर्षातली चौथी फेरी. मशीन १९९१चं, दोन टबांचं. एका टबात धुतं, दुसऱ्यात पिळतं. अकरा वर्षांत इतकं बिघडण्यासारखं त्यात काही नाही. महांतेश दहाला आला, साडेअकराला गेला. काम वीस मिनिटांचं. बाकी वेळ आमच्या रत्नव्वाशी कन्नडमध्ये गप्पा. तिचं माहेर संकेश्वरकडचं, हाही त्याच बाजूचा. त्याला चहा कानाच्या कपात. तो कप पाहुण्यांचा आहे. मला पेल्यात.
मी चौतीस वर्षं शाहूपुरीत गूळ मार्केटला तोलार होतो. समोर जे येईल ते मोजायचं, ही हाताला लागलेली सवय. रत्नव्वाचं आजचं हसणं: त्याच्याशी सात, माझ्याशी शून्य.

९ जुलै, मंगळवार.
महांतेशचं वय पन्नासच्या आत नाही. केस मात्र काळेभोर. कलप असणार.
तिला अक्का म्हणतो, मला अज्जा, म्हणजे आजोबा. ती बासष्टची, मी एकोणसत्तरचा. सात वर्षांच्या अंतरात अक्काचा नवरा अज्जा कसा होतो, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. रत्नव्वाला विचारलं. ती म्हणाली, टक्कल बघून म्हणत असंल.
काय बोलत होता तेही विचारलं. म्हणाली, गावाकडचं. गाव एवढं मोठं आहे का, की दीड तास पुरावं?
तसं कन्नड मला सगळं समजतं. आमचं घराणं मूळचं तिकडचंच. तीन पिढ्या कोल्हापुरात राहिल्यानं बोलायचं सुटलं, इतकंच. हे दोघं भरभर बोलतात म्हणून लागत नाही.

११ जुलै, गुरुवार. सकाळी.
निश्चय केला. मशीनची तपासणी आणि देखभाल इथून पुढं माझ्याकडे. झिजलेला भाग आधीच ओळखायचा, आधीच दुरुस्त करायचा. मशीन बिघडलं नाही तर माणूस येणार नाही. एवढं साधं गणित आमच्या मुलाच्या, श्रीशैलच्या, इंजिनिअर डोक्यात आलं नाही. माझं शिक्षण सातवी. पण तोलाराला कान असतो. काट्याचा आवाज ऐकून मी सांगायचो, दांडी कुठं घासते. पुढं पेढीवर इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मला हार घालून घरी पाठवलं. तो काटा वर्षात तीनदा बंद पडला. हे मी मुद्दाम जाऊन विचारून आलो होतो.
स्टँडजवळच्या फुटपाथवरून 'तीस दिवसांत कन्नड' हे पुस्तकही घेतलं. उजळणीसाठी.
रत्नव्वाला योजना सांगितली. ती म्हणाली, मशीनला हात लावण्यापेक्षा बंडी टाकायच्या आधी खिसे तेवढे बघत जावा. माझे कपडे मी स्वतः मशीनमध्ये टाकतो, कुणाकडून सेवा करून घेत नाही, याचं हे बक्षीस. खिशात काय आहे ते मला वजनावर कळतं, असं उत्तर दिलं. ती गप्प झाली. पटलं असणार.

१४ जुलै, रविवार.
पहिली तपासणी. मशीनची पाठ उघडली. निष्कर्ष:
मोटर आहे. बेल्ट मोटरवरून मोठ्या चाकावर गेलेला, काळा, कडेला बारीक चिरा. चिरा म्हणजे सुरकुत्या. मलाही आहेत, मी चालतो. स्प्रिंगा ठीक. पिळायच्या टबाखाली ब्रेक आहे, त्याची गादी झिजलेली वाटली, पण झाकण उघडल्यावर टब थांबतो, मग तक्रार कशाला. नळीला एक चीर. साडीच्या काठाची चिंधी बांधली.
सगळ्याला शेंगतेल दिलं.
पाठ लावताना तीन स्क्रू उरले. कंपनीनं जास्तीचे दिले होते असं दिसतं.

१५ जुलै, सोमवार.
मशीन चालू केलं. पिळताना जागा सोडून निघालं आणि न्हाणीच्या दारातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. रत्नव्वा भाकरी थापत होती. तिनं हातातलं पीठ तसंच ठेवून बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तेल मिळाल्यानं मोकळं झालंय.
हलतं म्हणजे तोल नाही. तोल हा माझा विषय. पेढीनं मला निवृत्तीला हारासोबत दहा किलोची दोन लोखंडी वजनं दिली होती, कारण त्यांना ती नको होती. दोन्ही मशीनवर ठेवली. मशीन जागचं हललं नाही. दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं का?

१८ जुलै, गुरुवार.
वजनांमुळे मशीनच्या चार पायांतल्या दोन पायांचे रबरी बूट फुटले. बूटच हलक्या दर्जाचे. रत्नव्वानं मला न विचारता फोन केला.
महांतेश आला. वजनं उचलून खाली ठेवताना म्हणाला, "अज्जा, मशीनला व्यायाम लावलाय व्हय?" रत्नव्वा हसली. उरलेले तीन स्क्रू त्यानं मागितले. मी दिले. शेंगतेल पुसून काढलं आणि सांगितलं, अज्जा, बेल्टला तेल लागलं की बेल्ट घसरतोय, तेलाचं बोट लावू नका. पुढच्या खेपेला बेल्ट बदलू म्हणाला.
पुढच्या खेपेला. म्हणजे त्याचं ठरलेलंच आहे.
दहा हसणी. त्यातली चार माझ्या वजनांवर, म्हणून ती निम्मी माझी धरायला हरकत नाही.

२१ जुलै, रविवार.
पुस्तकाचा दहावा धडा. 'नीरु एल्लि इदे', पाणी कुठं आहे. घरात पाणी कुठं आहे ते मला माहीत आहे, तरी पाठ केलं.
एक अडचण लक्षात आली. पुस्तकात 'या'ला 'बन्नी' दिलंय, आणि रत्नव्वा महांतेशला 'बर्री' म्हणते. पुस्तक म्हैसूरकडचं दिसतं. माझी चूक नाही.

२८ जुलै, रविवार. दुपारी ४.
बेल्ट घसरतो आहे. मोटर गुरगुरते, टबातली चकती थांबून थांबून फिरते. रत्नव्वा म्हणाली, महांतेशला बोलावू. मी म्हटलं, दोन दिवस दे.
बेल्ट घसरतो म्हणजे त्याला पकड नाही. पकडीसाठी चिकट काहीतरी हवं. तेल नको, हे तर तो स्वतःच बोलून गेला. चौतीस वर्षं मी ज्या चिकटपणात काढली, त्याच्यापेक्षा चिकट जगात काय आहे? घरात काकवीची बाटली होती, गुऱ्हाळावरची, अस्सल. ब्रशनं बेल्टला आतून दोन हात दिले.
मशीन सुरू केलं. चकती अशी फिरली की पाणी भिंतीवर.
महांतेशला हे शिकवावं का, असा विचार आला. शिकवणार नाही.

२९ जुलै, सोमवार.
मशीन उत्तम. रत्नव्वानं दोनदा विचारलं, काय केलंसा? सांगितलं नाही. तिच्या नजरेत आदर होता. रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा होता.

३१ जुलै, बुधवार.
न्हाणीत मुंग्या. पावसाळ्यात येतात.

१ ऑगस्ट, गुरुवार.
मुंग्या मशीनच्या मागून येतात. तांबड्या. रत्नव्वा म्हणाली, मशीनमधी साखर सांडलीया का कोण? मी म्हटलं, मला काय माहीत. माझ्या धोतरात चार निघाल्या. बसमध्ये कळलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार.
ओट्यावरची काकवीची बाटली आणि न्हाणीतला माझा ब्रश रत्नव्वानं शेजारी शेजारी आणून ठेवले. मग महांतेशला फोन केला.
महांतेशनं पाठ उघडली आणि नुसता बघत बसला. मोटरवर मुंग्या, चाकावर मुंग्या, बेल्ट दिसत नव्हता. त्यानं बोट लावून वास घेतला. मग जिभेला लावलं. म्हणाला, "अक्का, काकवी ब्येस हाय, कुठनं आणली?"
रत्नव्वा न्हाणीच्या उंबऱ्यावर खालीच बसली. पदर तोंडाला. मी बावीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं.
नवा बेल्ट बसवला. जुना मी मागून घेतला. अजून चालला असता.
जाताना तो मला म्हणाला, अज्जा, डोकं मातूर चांगलं हाय तुमचं. हा टोमणा की कौतुक, हे ठरवता आलं नाही. दोन्ही असेल तर टोमणा धरावा.

१२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार.
आज बोलावलं नसताना आला. म्हणे इकडनं चाललो होतो, बेल्टचा ताण बघून जातो. बाहेर बाकावर पुस्तक घेऊन बसलो. पोथी वाचतोय असं दाखवलं. आत दोघं हळू आवाजात बोलत होते. आजवर कधी हळू बोलले नव्हते. आणि एक वाक्य मला पूर्ण लागलं. रत्नव्वा म्हणाली:
"यजमानरिगे हेळब्याड."
पुस्तकाशी ताडून बघितलं. यजमान म्हणजे मी. हेळ म्हणजे सांग. ब्याड म्हणजे बेड, नको, पान १४. यजमानांना सांगू नकोस.
एकोणसत्तराव्या वर्षी इतक्या पटकन भाषा येणारा माणूस विरळा. पण आनंद झाला नाही. जेवणात लक्ष नव्हतं. रत्नव्वानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हेळब्याड. मनात म्हटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार.
रत्नव्वा मठात गेली. तेवढ्या वेळात मशीन आतून बघायचं ठरवलं. जे सांगायचं नाही ते या मशीनमध्येच आहे, असं माझा कान सांगत होता.
धुवायच्या टबाच्या तळाशी फिरणारी चकती असते, तिचा मधला स्क्रू काढला. स्क्रू सहज निघाला. नेहमी काढल्यासारखा. चकती उचलली.
खाली पांढरा चिखल. ओंजळभर. हाताला खरखरीत. पाणी जायच्या वाटेवर रबरी बूच आहे, त्याच्या कडेलाही थर बसलेला, बूच नीट बसतच नव्हतं. चकतीखालचं सील एका बाजूनं खाल्लं गेलेलं.
सगळं लक्षात आलं. हा चुना आहे. किंवा सिमेंट. महांतेश दर खेपेला मूठभर टाकून जातो, म्हणजे सील झिजतं, पाणी गळतं, पुन्हा त्यालाच बोलावतात. आणि हे रत्नव्वाला माहीत आहे, आणि ती म्हणते, यजमानांना सांगू नकोस.
पुरावा वाटीत काढून फडक्यानं बांधला. चकती परत बसवली. या वेळी एकही स्क्रू उरला नाही.
बराच वेळ बाकावर बसलो. चौसष्ट साली लग्न झालं. पहिल्या वर्षी ती अशी हसायची. तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. मी काय बोलतो ते न कळताच हसायची.

२५ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी.
श्रीशैलला जयसिंगपूरहून बोलावून घेतलं. घरगुती प्रश्न आहे एवढंच सांगितलं. महांतेशलाही बोलावलं. मशीनचं कारण दिलं. दोघं आल्यावर सगळ्यांना न्हाणीसमोर उभं केलं आणि वाटी उघडली.
मी शांतपणे बोललो. आठवड्याची तयारी होती. कोण काय टाकतं, कशासाठी टाकतं, आणि कोण कुणाला काय सांगू नको म्हणतं, सगळं. ते वाक्यही कन्नडमध्ये म्हणून दाखवलं, उच्चारासह.
महांतेश हातातल्या पकडीकडे बघत राहिला. श्रीशैलनं वाटीत बोट घातलं, अंगठ्यानं चोळलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं.
रत्नव्वानं खुंटीवरची माझी बंडी काढली. आतला खिसा उलटा केला. उरलेली विभूतीची अर्धी वडी, सुपारीचं खांड आणि भरपूर पांढरी पूड खाली पडली. माझं रोजचं आहे. आंघोळीनंतर कपाळाला लावायची, वडी खिशात ठेवायची, मठात गरज पडते.
ती म्हणाली, "दोन वरसं झाली. दर खेपंला ह्यो उपसतोय आन् पेपरात गुंडाळून न्हेतोय. मीच म्हटलं हुतं, सांगू नगं. मिक्सरचं भांडं तुमच्या हातनं फुटलं, तर दोन दीस जेवला न्हाईसा."
मिक्सरच्या वेळी मी तत्त्वासाठी जेवलो नव्हतो. तो वेगळा विषय.
महांतेश म्हणाला, "अज्जा, चुकलं आमचं. सांगाय पायजे हुतं."
त्यानं माफी मागितली. मी एवढंच म्हटलं, की पूर्वीची विभूती पाण्यात विरघळायची, हल्ली भेसळ असते.
आधी श्रीशैल हसला. मग महांतेशनं तोंड फिरवलं. मग रत्नव्वा. भिंतीला धरून. डोळ्यांतून पाणी. माझ्याकडे बघायची आणि परत सुरू.
माझ्यावर हसली, माझ्याशी नाही. तरी बारदानासकट, म्हणजे पोत्याचं वजन धरून, एक धरलं.

२६ ऑगस्ट, सोमवार.
सकाळी जेवणार नव्हतो. वांग्याची भाजी होती. जेवलो.

२९ सप्टेंबर, रविवार.
खिशाचे नियम: बंडी काढताना खिसा उलटा करणे, झटकणे, रत्नव्वाला दाखवणे. महिनाभर काटेकोर पाळले. सील नवीन, बेल्ट नवा, बूच स्वच्छ. मशीन घड्याळासारखं चालतं. महांतेशची एकही फेरी नाही. माझी देखभाल यशस्वी झाली, असं म्हणायला आता कुणाची ना नसावी.

१३ ऑक्टोबर, रविवार.
मशीन उत्तम. महांतेश नाही. हसणं: दोन आठवड्यांत शून्य. तो नाही म्हटल्यावर माझा आकडा वाढायला हवा होता. कुठं चुकतंय ते बघतो.

२० ऑक्टोबर, रविवार.
रत्नव्वा मशीन चालू करते आणि तिथंच स्टुलावर बसून राहते. बरं नाही का विचारलं. म्हणाली, काय न्हाय, अण्णा गेल्यापास्नं आपल्या भाषेत बोलाय कोण ऱ्हायलंय.
अण्णा म्हणजे तिचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी गेला.
मी म्हटलं, नीरु एल्लि इदे? तिनं वळून बघितलं. म्हणाली, नळाला. मग जरा हसली. एक. निखळ, बारदान वजा करून.
धडा अकरा ते पंधरा लगेच वाचायला घेतले. पण दोन वाक्यांच्या पुढं तिचं उत्तर मला समजलं नाही. ती भरभर बोलते.

४ नोव्हेंबर, सोमवार. लक्ष्मीपूजन.
श्रीशैल सुनेसह आला. एक्स्चेंजची स्कीम आहे म्हणाला. जुनं द्या, नवं फुल्ली ऑटोमॅटिक न्या. धुणं, पिळणं, सगळं एकाच टबात. पाच वर्षं कंपनीचा माणूस फुकट येणार, टाय लावलेला, मराठी बोलणारा. म्हणजे महांतेश कायमचा संपला.
मला हेच हवं होतं. जुलैपासून हेच.
रत्नव्वा करंज्यांचं ताट घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, नको. श्रीशैलनं कारण विचारलं. मी म्हटलं, जुन्या लोखंडाचं वजन नव्यात नाही. तो म्हणाला, अप्पा, ते प्लास्टिकचं हाय. मी म्हटलं, तरी नको.
सणाला वाद बरा नव्हे म्हणून विषय तिथंच संपवला. दुसरं कारण नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
आज बंडी धुवायला टाकली. खिसा तपासायचा राहिला. वय झालं की असं होतं. खिशात विभूतीची नवी वडी होती, कालच आणलेली. अख्खी. वरचा कागद काढून ठेवलेली.

२० नोव्हेंबर, बुधवार.
काल टबातलं पाणी गळून जातंय असं रत्नव्वा म्हणाली. मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. फोन मीच केला.
आज दहाला महांतेश आला. दारात मीच गेलो. पुस्तक बाजूला ठेवून तिच्या पद्धतीनं म्हटलं, बर्री, कुंदर्री. या, बसा. तो दारातच थांबला. आतून रत्नव्वा बाहेर आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.
चकती उचलली तसा तो पेपर पसरायला लागला. माझ्याकडे बघितलंही नाही. शहाणा माणूस आहे. साडेअकरापर्यंत न्हाणीतून दोघांचे बोलण्याहसण्याचे आवाज येत होते. मी बाकावर होतो. चहा मीच नेऊन दिला, त्याला कानाच्या कपात.
मोजायचं राहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.
केस कलपाचेच आहेत. आज जवळून बघितले.